वहनातली गळती

डेड-स्टॉक रजिस्टर, तिसरा खंड. अक्षर माझं,
सही त्यांची: नुग्झार ख्वेदेलिद्झे,
विद्युत अभियांत्रिकी विभाग, तिबिलिसी.

१९७४. कुताईसीहून एक साहाय्यक आला.
माणसांची नोंद या वहीत होत नाही, ही मी मनात केली.
कोपरांवर चामड्याची ठिगळं,
आणि पहिल्याच दिवशी विचारलं,
"त्सियाला, इथलं अर्थिंग कुठंय?"
बाकीचे आधी कॅन्टीन विचारायचे.

१९७९. प्रबंध: लांबच्या तारांत
बटण दाबताच उसळून विरणाऱ्या लाटा.
लेनिनग्राडला जाऊन रशियनमध्ये लढवला.
"दिवा लागल्यावरचा उजेड सगळे बघतात," म्हणाले,
"लागताना काय होतं ते कुणी बघत नाही."
येताना जुन्या बाजारातून एक व्होल्टमीटर आणला,
पितळी कडीचा, स्वतःच्या पैशांनी.
तोही या वहीत नाही.

१९८८. प्राध्यापक.
विभागात वाइन, अक्रोड, आणि धरणाच्या नावानं उचललेले पेले.
बोलणाऱ्याचं भाषण संपेपर्यंत रोटी गार झाली.

मग वीज गेली.
तासाभरासाठी जाते तशी नव्हे.
घरातून माणूस जातो तशी.
रस्त्याकडेची झाडं चुलीत गेली,
लिफ्ट मधल्या मजल्यांवर गंजत बसल्या.
दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्यासाठी दिवा तरी लागतो.
हजेरीला "हजर" म्हणता म्हणता
जो तो आपापलं लाकूड शेगडीजवळ ठेवायचा.
त्यांच्या डाव्या हातात मेणबत्ती, उजव्या हातात खडू:
"प्रत्यावर्ती प्रवाह. सेकंदाला पन्नास वेळा
जातो आणि परत येतो."
मागच्या बाकावरून गेला म्हणाला,
"बातोनो नुग्झार, आमच्याकडे तो
जातो तेवढा नियमित. येण्याचं तुम्हीच बघा."
वर्गभर हसण्याची वाफ झाली.
ते हसले नाहीत. फळा पुसून
तेच समीकरण पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

व्होल्टमीटर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवलेला.
कुणी फळ्याकडे बघत नव्हतं,
सगळे त्या काट्याकडे.

हे पान बघा. जानेवारी १९९४.
ट्रान्सफॉर्मर क्रमांक चार, ज्यावर त्यांनी प्रबंध केला तोच.
वजा: तांब्याचं वाइंडिंग, चाळीस किलो.
कारणाच्या रकान्यात, या वहीत एवढ्या एकाच जागी,
त्यांचं अक्षर आहे:
"वहनातली गळती."
त्या आठवड्यात विभागातल्या अकरा घरी
पिठाची पोती पोचली.
माझ्याकडचं पोतं त्यांनीच
नऊ मजले चढून खांद्यावरून आणलं,
दारात टेकवलं, धापा टाकत म्हणाले,
"नोंद तारखेसकट कर. चोरी आहे, ढिसाळपणा नको."

२००६. पदांची फेरनिवड.
टेबलापलीकडे परदेशात शिकून आलेले तिघे,
लॅपटॉपच्या उजेडात तिघांचे चेहरे निळसर.
"१९९१ ते २०००. एकही शोधनिबंध नाही.
या नऊ वर्षांत आपण काय करत होतात?"
"शिकवत होतो."
"कशाच्या आधारावर?"
त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला.
"रॉकेलच्या."
एकानं काहीतरी टाइप केलं.
महिन्याभरात पत्र आलं, फार सभ्य भाषेतलं.

खोली रिकामी करताना पुस्तकं मुलांना वाटली,
स्लाइडरूल खिशात घातला,
आणि व्होल्टमीटर मला दिला. "नोंद नाही ना याची?"
"नाही."
"मग बरं."

आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे, नवव्या मजल्यावर.
दिवसभर दोनशे वीस.
संध्याकाळी सातच्या सुमारास काटा हळूच खाली येतो.
मी फोन लावते.
नमस्कार-चमत्कार आम्ही कधीच करत नाही.
"दोनशे बारा," म्हणते.
पलीकडे थोडा वेळ शांतता, मग त्यांचा आवाज:
"लोक स्वयंपाकाला लागले."